भिंतीवरची कट्यार

रायगड उतरून पाचाडला आलेला किंवा अलिबाग-मुरूडची सहल करून परतीला लागलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने घरी जात नाही. कोणी कोकम घेतो, कोणी पांढऱ्या कांद्याची माळ घेतो, कोणी सुकी मासळी बांधून घेतो. आणि घरातले एखादे पोर हट्ट धरून बसते ते लाल मखमलीच्या म्यानातल्या कट्यारीसाठी. किल्ल्यांच्या पायथ्याशी आणि जत्रांमधून अशा कट्यारी, वाघनखे, छोट्या ढाल-तलवारी मांडलेल्या असतात. काही शे रुपयांत सौदा होतो. वस्तू घरी येते, खिळा ठोकला जातो आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर इतिहास टांगला जातो.

इतिहासाचे जाणकार अशा वस्तूंकडे पाहून नाक मुरडतात. 'पत्र्याची खेळणी' म्हणून सोडून देतात. मला मात्र तसे वाटत नाही. पत्रा आजचा असला, तरी आकार जुना असतो, आणि शस्त्राचा आकार हा एक दस्तऐवजच असतो. तो वाचता आला, तर स्वस्तातली प्रतिकृतीही पुष्कळ काही सांगते. मात्र ती काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा हिशेब घेणाऱ्याने चोख ठेवायला हवा.

कट्यारीपासूनच सुरुवात करू. तलवार, खंजीर किंवा घरातली सुरी यांची मूठ पात्याच्या रेषेतच असते. कट्यारीची मूठ आडवी. दोन समांतर पट्ट्या मनगटाच्या दोन्ही बाजूंना येतात आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या मुठीत धरायच्या असतात. मूठ वळली की पाते बोटांच्या पुढे सरळ उभे राहते. म्हणजे हे हत्यार कापण्यासाठी नाही, भोसकण्यासाठी आहे. ठोसा मारावा तसा वार, आणि त्यामागे खांद्यासकट सगळ्या अंगाचा जोर. समोरच्याच्या अंगात लोखंडी कड्यांचे चिलखत असले तर बारीक टोक वाकेल किंवा तुटेल. म्हणून अनेक जुन्या कट्यारींचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले दिसते. ही घडण भारताची खास ओळख मानली जाते. जुन्या दख्खनी चित्रांमधल्या सरदारांच्या कमरेच्या शेल्यात ती खोवलेली दिसते.

या कट्यारीचा समुद्राशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. दक्षिणेतल्या, विशेषतः तंजावरच्या शस्त्रागारातल्या कित्येक कट्यारींची पाती युरोपात घडलेली आहेत. मोडलेल्या किंवा आखूड केलेल्या परदेशी तलवारीचे पाते घ्यायचे आणि त्याला इथली मूठ बसवायची, अशी रीत होती. परदेशी पात्याच्या तलवारीला आपल्याकडे 'फिरंग' म्हणत, ते याच कारणाने. ही पाती आली पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर, समुद्रावरून. रायगडच्या किनाऱ्यावर चौल-रेवदंड्याला पोर्तुगीजांनी १५२१ च्या सुमारास पाय रोवले आणि १७४० मध्ये ते ठाणे मराठ्यांकडे येईपर्यंत ते तिथे होते. आपण ज्याला अस्सल देशी शस्त्र म्हणतो, त्याचे पोलाद कधीकधी जहाजातून उतरलेले असे, ही गोष्ट भिंतीवरच्या कट्यारीकडे पाहताना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दुसरे शस्त्र जंबिया. वाकड्या पात्याचा, दुधारी, मध्ये उंच शीर असलेला हा खंजीर मूळचा अरबस्तानातला. अरबीत 'जंब' म्हणजे कूस, बाजू. त्यावरून हे नाव आले. येमेनमध्ये तो आजही पुरुषाच्या पोशाखाचा भाग आहे आणि ओमान देशाने तर असा खंजीर आपल्या राष्ट्रध्वजावरच घेतला आहे. अरबी समुद्राच्या त्या काठावरची माणसे, घोडे, खजूर आणि हत्यारे या काठावर शतकानुशतके येत राहिली. जंजिऱ्याचे सिद्दीही आफ्रिकेतल्या हबसाणातून आलेल्यांचे वंशज. त्यांचे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले.

तिसरा बिचवा. विंचवाच्या नांगीसारखे नागमोडी पाते आणि हात आत घालता येईल अशी कड्याची मूठ. अंगरख्यात लपवायला सोपा, हातातून सुटायला अवघड. चौथे पेशकब्ज: मुठीजवळ रुंद, टोकाकडे झपाट्याने निमुळते होत जाणारे आणि पाठीला जाड कणा असलेले हत्यार. चिलखताची कडी फाकवून आत शिरणे हे त्याचे काम.

अशी आखूड हत्यारे रणांगणात शेवटच्या हाताची. भाला मोडला, तलवार अडकली, अंगाला अंग भिडले की यांची पाळी. आता आंग्र्यांच्या आरमाराचा विचार करा. गुराबांनी तोफा डागून शत्रूच्या जहाजाची डोलकाठी निकामी करायची आणि वल्ह्यांच्या गलबतांतून माणसांनी त्यावर चढून जायचे, ही या किनाऱ्यावरची लढाईची पद्धत. दोर, शिडे, पिंपे यांनी भरलेल्या तख्तपोशीवर लांब तलवार फिरवायला जागा किती असणार? कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले. त्यांच्या घराण्याचे कुलाबा संस्थान १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केले. मात्र कुलाबा हे नाव जिल्ह्याला १९८१ पर्यंत राहिले, तेव्हा कुठे तो 'रायगड' झाला.

राज्ये गेली, तशी हत्यारेही गेली. १८५७ नंतर लोकांची शस्त्रे काढून घेण्याचे काम जोराने झाले आणि १८७८ च्या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. शस्त्रांना धार देणारे, त्यांना झळाळी आणणारे शिकलगार उघडे पडले. 'सैकल' म्हणजे घासून चकाकी आणणे. त्यावरून त्यांचे हे नाव. ज्यांच्या बापजाद्यांनी तलवारी पाजळल्या, त्यांच्यावर दारोदार विळ्या-सुऱ्यांना धार लावत फिरण्याची वेळ आली.

गंमत अशी, की ज्या काळात कट्यार कमरेवरून उतरली, त्याच काळात ती भिंतीवर चढली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानी शस्त्रे मांडली गेली आणि त्यांचे वेड लागले. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला, तेव्हा संस्थानिकांनी त्याला शेकड्यांनी जडावाची शस्त्रे नजर केली आणि ती पुढे विलायतेत प्रदर्शनात फिरली. साहेबांच्या दिवाणखान्यासाठी कारागीर खास हत्यारे बनवू लागले. मूठ दाबली की पाते कात्रीसारखे उघडून आतून दुसरे पाते निघते, अशा कट्यारी आपण संग्रहालयात पाहतो. त्यांतल्या पुष्कळशा लढाईसाठी नाहीत, पाहणाऱ्याला चकित करण्यासाठी केलेल्या आहेत. तेव्हा शोभेची कट्यार ही काही आजची टूम नव्हे. तिलाही दीडशे वर्षे झाली.

आणि खुद्द सैन्यात तरी खंजीर आता किती लढतो? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंसाठी फेअरबेर्न आणि साइक्स या दोघांनी जो सरळ, दुधारी, निमुळता सुरा तयार केला, त्याचा आकार आज जगभरच्या सैनिकी बिल्ल्यांवर दिसतो. आपल्या पॅराशूट रेजिमेंटच्या विशेष दलाच्या 'बलिदान' बिल्ल्यावर पंख असलेला खालच्या दिशेचा खंजीर आहे. आपल्याकडे लग्नात नवरदेवाच्या हाती कट्यार देऊन तिच्या टोकाला लिंबू खोचण्याची चाल अनेक समाजांत आहे. त्या कट्यारीने कोणी लढायचे नसते. धैर्याची, रक्षणाची खूण म्हणून ती हाती धरायची असते. भिंतीवरची कट्यारही याच जातीची.

आता घ्यायचीच असेल तर काय पाहावे? आधी आकार पाहावा. कट्यारीच्या पट्ट्या समांतर आहेत का, पाते मध्यरेषेत बसले आहे का, टोकाकडे जाताना ते नुसतेच पातळ होत जाते की शिरेचा उठाव दाखवते, हे पाहावे. स्वस्त प्रतिकृतीची मूठ बहुधा ओतीव मिश्रधातूची असते आणि पाते पॉलिश केलेल्या पत्र्याचे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. जुन्या पात्यावर दिसणारी पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, म्हणजे जौहर, पोलादाच्या पोटातून आलेली असते. स्वस्त वस्तूवर ती आम्लाने किंवा यंत्राने वर कोरलेली असते. मुठीवरची सोनेरी वेलबुट्टी ही कोफ्तगिरी नव्हे, मुलामा आहे. हे ओळखता आले की फसगत टळते. मुद्दाम गंज चढवून, माती चोळून 'शिवकालीन' म्हणून पुढे केलेल्या वस्तूपासून मात्र चार हात दूर राहावे. ती खोटी असेल तर पैसे गेले. खरी असेल तर प्रश्न आणखी मोठा, कारण १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते आणि तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही.

कायद्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत तलवारी, खंजीर आणि नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत मोजली आहेत. घरकामाची आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. तसेच जी खेळण्याखेरीज कशालाच उपयोगी पडणार नाहीत आणि ज्यांचे हत्यार करता येणार नाही, तीही वगळली आहेत. याचा साधा अर्थ असा, की बोथट प्रतिकृती घ्यावी, तिला हौसेने धार लावू नये, ती कमरेला लावून मिरवणुकीत हिंडू नये, आणि विमानाने जायचे असेल तर हातातल्या पिशवीत ठेवू नये. घरात लहान मुले असतील तर खिळा उंचावर ठोकावा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांचा खरा शत्रू निराळाच: खारी हवा. अलिबाग-मुरूडकडच्या घरात लोखंडाला एका पावसाळ्यात तांब चढते. चामडे आणि मखमल ओल धरतात, म्हणून पाते कायमचे म्यानात ठेवू नये. कोरड्या फडक्याने पुसून शिलाई यंत्राच्या तेलाचा हात फिरवला की पुरे. आपल्या वाडवडिलांनी यासाठी एक दिवसच नेमून ठेवला होता, तो म्हणजे खंडेनवमी. त्या दिवशी शस्त्रे बाहेर काढून, घासूनपुसून पुजली जात. पूजा तर होईच, पण वर्षातून एकदा प्रत्येक पाते माणसाच्या नजरेखालून जाई. आज त्या दिवशी कोयता, विळी, गाडी, यंत्र पुजले जाते. त्यांच्या रांगेत भिंतीवरची कट्यारही ठेवायला हरकत नाही.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. ती १६५९ च्या प्रतापगडावरच्या प्रसंगातलीच का? त्या वस्तूबरोबर एक पेटी आहे. ही महाराजांची वाघनखे असून साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला भेट मिळाली, अशा अर्थाचा मजकूर पेटीवर आहे. ग्रँट डफ साताऱ्याला १८१८ ते १८२२ या काळात होता, म्हणजे घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. ती तीच आहेत याची खातरी करता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच नमूद केले आहे. एका जागतिक संग्रहालयातल्या वस्तूचा सगळा भार एका चिठ्ठीवर आहे!

तेव्हा चिठ्ठीची किंमत ओळखू या. आज आपण हौसेने आणलेली कट्यार उद्या मुलाची होईल, परवा नातवाची. नातू पाहुण्यांना सांगेल, 'ही आमच्या पणजोबांची, लढाईतली.' कोणी मुद्दाम खोटे बोलणार नाही, पण खोटा इतिहास मात्र तयार होईल. तो टाळायला दोन मिनिटे पुरतात. एका कागदाच्या पट्टीवर लिहावे: प्रतिकृती, अमुक शस्त्राची, अमुक साली, अमुक गावी, अमुक किमतीला घेतली. ती पट्टी म्यानाच्या आत किंवा फळीच्या मागे चिकटवावी. मग ती कट्यार जितकी आहे तितकीच खरी राहील. आणि ती पाहून ज्याला अस्सल शस्त्र पाहावेसे वाटेल, त्याला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे किंवा पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयाचे दार उघडे आहे. तिथे जौहर म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसेल, आणि मग घरच्या पत्र्याच्या कट्यारीवर राग येणार नाही. तिनेच तर तिथवर आणून सोडले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)