ईरी सरोवराची गोष्ट

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेलगत पाच प्रचंड सरोवरे आहेत. त्यांपैकी ईरी सर्वांत उथळ. सरासरी खोली अवघी १९ मीटर. दोन देशांची सीमा या सरोवराच्या मधून जाते. पण एका काठावरून सोडलेले सांडपाणी ती ओळखत नाही. म्हणूनच १९०९ साली अमेरिका आणि (कॅनडाच्या वतीने) ब्रिटन यांनी एक करार केला. एका देशाने पाणी दूषित करून दुसऱ्या देशातील लोकांच्या आरोग्याला किंवा मालमत्तेला हानी पोचवू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्यासाठी दोन्ही देशांच्या तीन-तीन सदस्यांचा एक संयुक्त आयोगही नेमला गेला.

तरीही सरोवर बिघडत गेले. १९५३ च्या सप्टेंबरमध्ये पश्चिम भागात काही दिवस वारा पडला होता. त्या काळात तळाच्या चिखलात राहणारी मेफ्लाय या कीटकाची पिल्ले मोठ्या संख्येने मेली. तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपला होता. पुढे १९६० नंतरच्या दशकात 'ईरी मेले' अशा बातम्या येऊ लागल्या. खरे तर सरोवर मेले नव्हते. त्यात शैवाल बेसुमार माजले होते!

शैवालाने प्राणवायू कसा संपतो? उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या थंड, जड पाण्यात मिसळत नाही. मेलेले शैवाल तळाशी जाते, जीवाणू ते कुजवतात आणि त्यात प्राणवायू खर्च होतो. ईरीच्या मधल्या भागात थंड पाण्याचा थर पातळ असल्याने तिथला साठा लवकर संपतो.

मग शैवालाला खाद्य कोण पुरवते? १९६४ मध्ये दोन्ही सरकारांनी हा प्रश्न आयोगाकडे सोपवला. उत्तर आले: फॉस्फरस. तो शहरांच्या सांडपाण्यातून येत होता आणि त्यातला मोठा वाटा कपडे धुण्याच्या डिटर्जंट पावडरींचा होता. उत्पादकांना हे मान्य नव्हते. काही शास्त्रज्ञही म्हणत, की शैवालाची वाढ कार्बनवर अवलंबून आहे. हे म्हणणे वरवर पटण्यासारखे होते. शैवालाच्या शरीरात फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे सुमारे १६ आणि कार्बनचे सुमारे १०६ अणू असतात.

१९७० च्या उन्हाळ्यात दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून सरोवराच्या मधल्या भागातील तळाच्या थराचा अभ्यास केला. प्राणवायू संपला, की गाळात अडकलेला फॉस्फरस अनेक पटींनी वेगाने पाण्यात सुटतो, असे आढळले. म्हणजे रोग स्वतःलाच वाढवत होता. थांबायला वेळ नव्हता.

दरम्यान कॅनडात ऑन्टॅरिओच्या जंगलातील लहान तळी प्रयोगांसाठी राखून ठेवण्यात आली होती. तेथे डेव्हिड शिंडलर आणि त्यांचे सहकारी काम करत. २२७ क्रमांकाच्या तळ्यात कार्बन फार कमी होता. १९६९ पासून त्यात फक्त नायट्रोजन आणि फॉस्फरस घातले, तरी तळे हिरवे झाले. लागणारा कार्बन हवेतून आला! फॉस्फरसला असा हवेतला साठा नाही. १९७३ मध्ये २२६ क्रमांकाच्या तळ्याचे पडदा लावून दोन भाग केले. एकात कार्बन आणि नायट्रोजन. दुसऱ्यात या दोहोंबरोबर फॉस्फरसही. दुसरा भागच हिरवागार झाला. विमानातून घेतलेले त्याचे छायाचित्र पाहिल्यावर वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज उरत नसे.

१५ एप्रिल १९७२ रोजी निक्सन आणि ट्रुडो यांनी ओटावा येथे जलगुणवत्ता करारावर सह्या केल्या होत्या. १९७८ मध्ये त्यात सुधारणा होऊन ईरीसाठी वर्षाला ११,००० टन फॉस्फरस ही मर्यादा ठरली. सांडपाणी शुद्धीकरणावर मोठा खर्च झाला, डिटर्जंटमधील फॉस्फेटवर निर्बंध आले आणि १९८० नंतरच्या दशकात फॉस्फरस त्या मर्यादेच्या आसपास आला. १९९० नंतर मेफ्लायही परतले.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण ऑगस्ट २०१४ मध्ये शैवालाच्या विषामुळे टोलेडो शहर व परिसरातील सुमारे चार लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. या वेळी मुख्य स्रोत होता शेतांतून मॉमी नदीवाटे येणारा विरघळलेला फॉस्फरस. २०१६ मध्ये दोन्ही देशांनी २००८ च्या तुलनेत ४० टक्के घट करण्याचे ठरवले. कारखान्याचे किंवा शहराचे तोंड एका नळाशी असते, तिथे मोजता येते, अडवताही येते. हजारो शेतांना असे एक तोंड नसते.

वर्गात हा धडा शिकवताना मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा. शैवालात कार्बन सर्वांत जास्त, मग नियंत्रण फॉस्फरसवर का? वाढ थांबते ती ज्या घटकाची गरज सर्वांत मोठी त्याने नव्हे, तर गरजेच्या मानाने जो सर्वांत अपुरा त्याने. हे उत्तर मुलांना स्वतः सापडले, तर आपल्या गावच्या हिरव्या तळ्याकडे ती वेगळ्या नजरेने पाहतील.