पाँत्वाझच्या शेतातील पांढरे दव

‘सालों’ या सरकारी चित्रप्रदर्शनाच्या परीक्षकांची मर्जी सांभाळण्याचा शिरस्ता झुगारून काही चित्रकारांनी १८७४च्या एप्रिलात, पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या चित्रशाळेत, स्वतःचे प्रदर्शन मांडले, तेव्हा कामीय पिसारोने आदल्या वर्षी रंगविलेले ‘पांढरे दव’ हे चित्र लुई लरुआ या टीकाकाराच्या तावडीत सापडले. मळक्या कॅनव्हासवर पॅलेटचे खरवडलेले रंग थापले आहेत, असा शेरा त्याने आपल्या लेखातील एका कल्पित वृद्ध चित्रकाराच्या तोंडी घातला. आणि चित्रात आहे तरी काय? पाँत्वाझ गावाजवळच्या एनरीच्या वाटेने पाठीवर सरपणाची मोळी घेऊन, काठी टेकीत चाललेला एक वृद्ध कुणबी, आणि नांगरटीच्या तिरप्या तासांवर, गोठलेल्या दवावर पसरलेल्या लांबच लांब निळसर सावल्या, ज्यांची झाडे मात्र चौकटीबाहेर! चित्रात नसलेल्या वृक्षांच्या सावल्या रंगविणे हा कास्तान्यारीसारख्या सहृदय समीक्षकालाही प्रमाद वाटला. माझ्या मते चित्रातील खरे धाडस तेच. अशा सावल्या उघड्यावर टिपण्याची सोयही तोवर झाली होती: कथलाच्या नळीत रंग भरण्याची युक्ती जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली काढलेली असल्यामुळे रंगांचा सरंजाम पाठीवर टाकून शेताच्या बांधावर उभे राहणे सुकर झाले होते. डॅनिश अमलाखालील सेंट थॉमस बेटावर जन्मलेल्या पिसारोने त्या सोयीचा पुरेपूर लाभ घेतला, आणि या चित्रकारांच्या गटाच्या १८८६पर्यंत झालेल्या आठही प्रदर्शनांत चित्रे मांडणारा तो एकटाच ठरला.