परम ८००० आणि वाटून घेतलेले काम

चित्रफितीचे रेंडरिंग हे संगणकाच्या प्रोसेसरला दमवणाऱ्या कामांपैकी एक. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर दहा मिनिटांच्या सचेतपटाला १४,४०० फ्रेम लागतात आणि प्रत्येक फ्रेममधील प्रत्येक बिंदूचा रंग गणिताने काढावा लागतो. १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’साठी १,१४,२४० फ्रेम रेंडर झाल्या. त्यासाठी ११७ संगणकांचे मिळून सुमारे आठ लाख तास खर्ची पडले. एकाच संगणकाला हे काम करण्यास नव्वद वर्षे लागली असती. ते वेळेत पार पडले, कारण एका फ्रेमचे गणित दुसरीवर अवलंबून नव्हते. फ्रेम संगणकांत वाटून देता आल्या.

कामाच्या वाटणीचे हेच तत्त्व पुण्यात काही वर्षे आधी, निराळ्या निकडीतून, आकाराला आले होते. १९८० च्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारताला महासंगणक हवा होता. अमेरिकेने ‘क्रे’चे अधिक शक्तिशाली यंत्र नाकारले आणि एक्स-एमपी १४ हे धाकटे रूप वापरावरील कडक अटींसह दिले. या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, उभे राहिले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्याकडे त्याची धुरा होती आणि हाती अवघी तीन वर्षे होती.

क्रेसारखा एक अतिवेगवान प्रोसेसर घडवणे तेवढ्या मुदतीत शक्य नव्हते. सी-डॅकने ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर निवडले. हा प्रोसेसर एकटा फार बलवान नव्हता. मात्र शेजाऱ्यांशी थेट संवाद साधणारे चार दुवे त्याच्या चिपवरच होते. असे ६४ प्रोसेसर जोडून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला.

त्या काळी या मार्गाकडे नाइलाजाची तडजोड म्हणून पाहणे सोपे होते, कारण बाजारात एकेका प्रोसेसरचा वेग वाढतच होता. पण वेगाबरोबर उष्णताही वाढली. मे २००४ मध्ये इंटेलने आपला आगामी प्रोसेसर रद्द केला. योगायोगाने त्याचे सांकेतिक नाव ‘तेजस’ होते. पेंटियम ४ ची मालिका ३.८ गिगाहर्ट्झवर थांबली आणि २००५ पासून घरगुती संगणकांतही एका चिपवर दोन गाभे आले. पुण्याने अभावापोटी जी वाट धरली होती, ती आता साऱ्या उद्योगाला उष्णतेपोटी धरावी लागली.

या वाटेलाही मर्यादा आहेत. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवले होते की कामाचा ५ टक्के भाग जरी वाटता येत नसेल, तरी गाभे कितीही वाढवले तरी वेग २० पटींपलीकडे जात नाही. तयार फ्रेमची चित्रफीत आकुंचित करताना याचा प्रत्यय येतो. तेथे पुष्कळ फ्रेम शेजारच्या फ्रेमशी असलेल्या फरकाच्या रूपात साठवल्या जातात; साहजिकच एकीला दुसरीची वाट पाहावी लागते. शिवाय सर्व गाभे तासन्‌तास राबले की चिप तापते आणि जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग उतरवते.

‘परम’ने एक प्रश्न मात्र शिल्लक ठेवला होता. जोडणी आणि आज्ञावली स्वदेशी होती. प्रोसेसर परदेशी होता. १९८९ मध्ये इनमॉस कंपनी एसजीएस-थॉमसनकडे गेली, तिचा पुढचा ट्रान्सप्यूटर रखडला आणि परमच्या पुढील पिढ्यांना दुसरे परदेशी प्रोसेसर शोधावे लागले. या उणिवेवरचे एक उत्तर चेन्नईत घडत आहे. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. व्ही. कामकोटी यांच्या गटाने ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या आज्ञासंचावर ‘शक्ती’ प्रोसेसर रचले. २०१८ मध्ये त्यांची एक चिप इंटेलच्या २२ नॅनोमीटर तंत्राने परदेशात तयार झाली. दुसरी चंदीगडजवळच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने घडली.

सचेतपट रेंडर करण्याइतके हे प्रोसेसर वेगवान नाहीत. त्यांची मजल निराळी आहे. १९९१ मध्ये भारताने प्रोसेसर कसे जोडावेत हे सिद्ध केले; ते स्वतः रचण्याची आणि घडवण्याची क्षमता यायला आणखी बरीच वर्षे लागली. आता या दोन्ही विद्या एकत्र आणणे उरले आहे.