लेखशैवाक (ग्राफिस)

खोडाच्या सालीवर राखाडी-पांढरट पातळ थर आणि त्यावर काळ्या, वाकड्यातिकड्या, कुठे फाटे फुटलेल्या बारीक रेघा. 'लिहिणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या शैवाकांना ग्राफिस नाव पडले. कर्जत तालुक्यातील माथेरानसारख्या दमट, सावलीच्या जंगलांत बहुतेक जण त्यांना सालीवरचा डाग समजून पुढे जातात. गोडा मसाल्यातले दगडफूल हेही शैवाकच, पण पानासारखे सुटे होणारे. ग्राफिस मात्र सालीसकटच काढावे लागते.

शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवलाचा एकत्र संसार, नाव मात्र बुरशीचे. ग्राफिसमधले शैवल ट्रेंटेपोहलिया कुळातले, नारिंगी झाक असलेले.

जात ठरवताना नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही. रेघेचा आडवा छेद घेऊन काळी भिंत तळापर्यंत जाते का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बीजाणूंतील कप्पे मोजतात. आयोडिनने बीजाणू निळे-जांभळे होतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबाने थर पिवळा किंवा लाल झाला, तर आतल्या रसायनाचा सुगावा लागतो. दोन जुळ्या दिसणाऱ्या जाती कधीकधी एवढ्यावरूनच वेगळ्या पडतात.

पुण्यात पटवर्धन आणि कुलकर्णी यांनी १९७९ मध्ये पश्चिम घाटातून ग्राफिस आजरेकरी ही जात वर्णिली. नावात कवकतज्ज्ञ आजरेकरांचे स्मरण आहे. नव्या जातीसाठी एक प्रकारनमुना वनस्पतिसंग्रहात जपावा लागतो. वर्णन २०११ अखेरपर्यंत लॅटिनमध्येच द्यावे लागे, आता इंग्रजीही चालते.