सणाचे ताट आणि रोजची भाकर

नाताळच्या सुमारास आमच्या यवतमाळकडे नवी ज्वारी घरात आलेली असते. सणाच्या पंगतीत कोंबडीच्या झणझणीत रश्श्यात तिची भाकर कुस्करताना आपण काही इतिहास चाखतो आहोत, असे कोणाच्या मनातही येत नाही.

सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतही सणासाठी मक्याची शिळी भाकर कुस्करतात. तीत कोंबडीचे मांस, ती शिजविलेले पाणी, कांदा, अंडी आणि सुगंधी पाला मिसळून ते सारे भट्टीत खरपूस भाजतात. मका तेथील मूळ रहिवाशांचा. आणि चुलीपाशी राबले ते बहुधा आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांचे हात. आपली ज्वारीही मूळची आफ्रिकेचीच. सुमारे ४००० वर्षांपूर्वी ती भारतात पोहोचली.

पुढे १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची तांबडी 'मिलो' ज्वारी महाराष्ट्राच्या रेशन दुकानांत आली. तिकडे ती मुख्यतः गुरांचे खाद्य. लोकांनी नाके मुरडली. पण तिच्याच भाकरीवर कित्येक कुटुंबे तगली.

आज यवतमाळच्या शिवारात कापूस व सोयाबीन यांनी ज्वारीला मागे सारले आहे. शिळ्या तुकड्याचाही मान राखणाऱ्या गरिबांनीच दोन्हीकडे सणाचे ताट सजविले, हे आम्ही विसरू नये. येत्या हंगामात धुऱ्यालगत ज्वारीचे चार तास तरी पेरावेत. पुढील नाताळची भाकर घरच्या दाण्याची होईल.