एका फेटाळलेल्या ठरावाचा इतिहास

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम यांनी एक अशासकीय ठराव मांडला. संततिनियमनाचा प्रचार सरकारने करावा आणि त्यासाठी लागणाऱ्या सोयी सरकारनेच पुरवाव्यात, अशी त्यात मागणी होती. भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केलेले होते. ते स्वतः उपस्थित नसल्याने रोहम यांनी ते सभागृहापुढे ठेवले. ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला.

त्या काळात हा विषय अपरिचित नव्हता. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमन केंद्र काढले होते. म्हैसूर संस्थानाने १९३० मध्ये सरकारी रुग्णालयांत अशी केंद्रे सुरू करण्याचा आदेश दिला होता. म्हणजे ज्ञान उपलब्ध होते. परंतु ज्याच्या हाती पैसा आणि पुस्तक, त्याच्यापुरतेच. गिरणीत राबणाऱ्या बाईपर्यंत ते पोहोचवायचे तर सरकारी तिजोरीतून खर्च करणे भाग होते. ठरावाचे मर्म इथे होते. मूल केव्हा व्हावे हे सर्वस्वी स्त्रीच्या इच्छेवर अवलंबून असावे, असे त्या भाषणात स्पष्ट म्हटले होते.

हा विचार अचानक आलेला नव्हता. दहा वर्षांपूर्वी, १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला होता. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा वास्तविक सरकारने उचलायला हवा, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ चा कायदा झाला, पण भार मालकावर राहिला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील अडचण चटकन कळते. लाभाचा संपूर्ण खर्च मालकाच्या माथी आला की स्त्रीला कामावर घेणेच त्याला महाग वाटू लागते. २०१७ मध्ये प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेण्यात आली, तेव्हाही कर्मचारी राज्य विमा योजनेबाहेरील आस्थापनांत वेतनाचा भार मालकावरच ठेवला गेला. ८९ वर्षांपूर्वीचा तो मुद्दा अनुत्तरितच राहिला.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. पहिल्या योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद होती. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. त्याने असंख्य स्त्रियांना असुरक्षित उपायांपासून वाचण्याचा मार्ग दिला. मात्र अंतिम शब्द डॉक्टरांच्या मताला दिला, स्त्रीच्या मागणीला नव्हे. २०२१ च्या दुरुस्तीने मुदत वाढवली, अविवाहितांचाही विचार केला. ही मूळ रचना मात्र तशीच राहिली.

याच मालिकेत एक विलक्षण विरोधाभास आहे. ज्या मुंबईत १९३८ साली ऐच्छिक संततिनियमनाचा ठराव फेटाळला गेला, त्याच मुंबईत १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही. परंतु १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आधी नकार, मग सक्ती. आणि दोन्ही वेळा संबंधित स्त्री-पुरुषांची इच्छा विचारात घेतली गेली नाही.

प्रशासनाचा दोष इथेच दिसतो. उद्दिष्टाचा आकडा वरून आला की खालच्या कर्मचाऱ्याच्या लेखी माणसाची ‘केस’ होते. १९९६ मध्ये उद्दिष्टे रद्द झाली, तरी सवय गेली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरच्या नसबंदी शिबिरांनंतर दहाहून अधिक स्त्रिया दगावल्या. अखेर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरे बंद करण्याचे निर्देश द्यावे लागले.

आता परवडण्याचा प्रश्न. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ मध्येच मांडले होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. २०२१-२२ मध्ये, साथीच्या काळातही, तो १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी स्वतःच्या खिशातून भरली.

आपण देशाच्या कोणत्याही राज्यात राहत असलो, तरी निवडणुकीत आरोग्याची आश्वासने ऐकतोच. तेव्हा उमेदवाराला दोनच गोष्टी विचाराव्यात: यासाठी पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येणार, आणि निर्णय कोणाचा राहणार? रोहम यांच्या ठरावात या दोन्ही प्रश्नांची उत्तरे होती. पैसा सरकारचा आणि निर्णय स्त्रीचा.