विंचूदंशातील वेदनाशमन

विंचूदंशातील वेदनाशमन म्हणजे विंचवाच्या नांगीने होणारी वेदना कमी करण्यासाठी स्थानिक भूल, अफूवर्गीय औषधे व इतर वेदनाशामकांचा केलेला वापर होय. महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः लाल विंचवाशी (शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस) निगडित आहे. हा विंचू कोकणाप्रमाणेच मराठवाड्यातही आढळतो. दगडमातीच्या भिंती, कडब्याच्या गंजी, सरपण आणि दाराशी काढून ठेवलेले जोडे ही त्याच्या आश्रयाची नेहमीची ठिकाणे असल्याने शेतकरी, मजूर आणि लहान मुले यांना दंश अधिक होतात. या दंशात वेदना थांबविणे आणि जीव वाचविणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. हा भेद ठळकपणे मांडणारे डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातील देहेड या गावचे होत.

विषाचे कार्य

चेतातंतूंच्या आवरणात सोडियमची सूक्ष्म द्वारे असतात. ती उघडली की संदेश पुढे जातो आणि मिटली की थांबतो. लाल विंचवाचे विष ही द्वारे वेळेवर मिटू देत नाही, त्यामुळे एकाच संदेशाची पुनःपुन्हा उठावणी होत राहते. दंशाच्या जागची असह्य वेदना यातूनच निर्माण होते. विष रक्तात अधिक प्रमाणात भिनल्यास स्वायत्त चेतासंस्थाही अशीच उद्दीपित होते. प्रथम उलट्या व दरदरून घाम, आणि पुढे अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांच्या लोंढ्यामुळे हातपाय थंड पडणे, रक्तदाब वाढणे, हृदय दुबळे होणे व फुप्फुसांत पाणी साचणे असा क्रम दिसतो. मृत्यू होतो तो या शेवटच्या अवस्थेमुळे, वेदनेने नव्हे. किंबहुना ज्याला केवळ तीव्र वेदना आहे आणि वरीलपैकी कोणतेही लक्षण नाही, असा रुग्ण बहुधा बरा होतो.

अफूवर्गीय औषधे आणि ‘लिटिक कॉकटेल’

मॉर्फिन व पेथिडिन ही औषधे मेंदू आणि मेरुरज्जूतील विशिष्ट ग्राहींवर बसून वेदनेचा संदेश मंद करतात. दुखणे जाणवले तरी त्याचा त्रास वाटेनासा होतो. मात्र हेच ग्राही मस्तिष्कस्तंभातील श्वसनकेंद्रातही असतात. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढला की हे केंद्र श्वासाचा वेग वाढविते. अफूवर्गीय औषधांमुळे त्याची ही जाग बोथट होते. प्रौढ व्यक्तीचा मिनिटाला साधारण १२ ते २० असणारा श्वास मंदावतो, उथळ होतो आणि मात्रा अधिक झाल्यास थांबतो. टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या बाहुल्या हे त्याचे ओळखचिन्ह होय.

या औषधांनी येणारी गुंगी ही झोप नव्हे. मॉर्फिनचे नाव ग्रीक स्वप्नदेवता मॉर्फियस हिच्यावरून ठेवले गेले, परंतु प्रत्यक्षात हे औषध स्वप्नांची झोप आणि गाढ झोप या दोन्ही कमी करते. नैसर्गिक झोपेत श्वास अडला तर माणूस जागा होतो. गुंगीत हे संरक्षण उरत नाही.

१९५० च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समध्ये आंरी लाबोरी यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी शरीराची प्रतिक्रिया शमविण्यासाठी काही औषधांचे मिश्रण वापरात आणले. त्यातूनच पेथिडिन, क्लोरप्रोमॅझिन आणि प्रोमेथॅझिन यांचे ‘लिटिक कॉकटेल’ प्रचलित झाले. भारतात ते विंचूदंशावरही दिले जात असे. कल्पना अगदीच निराधार नव्हती, कारण क्लोरप्रोमॅझिनमध्ये रक्तवाहिन्या सैल करण्याचा काही गुण आहे. परंतु ज्या दंशात उलट्या होतात, त्यात रुग्णाला गुंगी आणणे म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाण्याची वाट मोकळी करणे. फुप्फुसांत पाणी साचत असताना श्वसनकेंद्रही मंदावते. शिवाय प्राणवायू कमी पडल्याने होणारी तगमग ही डॉक्टरांना मिळणारी महत्त्वाची सूचना असते. गुंगीत तीच नाहीशी होते आणि शांत पडलेला रुग्ण सुधारल्यासारखा दिसतो. नॅलोक्सोन या उताऱ्याने पेथिडिनचा परिणाम उलटविता येतो, उरलेल्या दोन औषधांचा येत नाही.

स्थानिक भूल

लिग्नोकेन हे स्थानिक भुलेचे औषध चेतातंतूंची सोडियमद्वारे बंद करते, म्हणजे विषाच्या नेमके उलट कार्य करते. बोटाला दंश झाल्यास बोटाच्या मुळाशी त्याचे इंजेक्शन देतात. वेदना तेवढ्या भागापुरती थांबते; शुद्ध, झोप आणि श्वास यांना धक्का लागत नाही. सौम्य वेदनेस पॅरासिटामॉल व बर्फाचा शेकही पुरतो. मात्र यांपैकी कशानेही हृदयावरील विषपरिणाम थांबत नाही.

प्राझोसिन

रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना बावस्कर यांनी दंशाच्या रुग्णांचे निरीक्षण केले व धोक्याची पूर्वलक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्याच नियतकालिकात १९८६ मध्ये त्यांनी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह प्राझोसिनच्या वापराची माहिती दिली. उच्च रक्तदाबावरील ही गोळी अ‍ॅड्रेनलिनवर्गीय द्रव्यांचा रक्तवाहिन्यांवरील परिणाम रोखते. ती वेदनाशामक नाही आणि झोपही आणत नाही. वजनाच्या दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम एवढी अल्प मात्रा तोंडाने दिली जाते. रक्तदाब अचानक उतरू नये म्हणून रुग्णाला आडवे ठेवणे आवश्यक असते. २०११ मध्ये ‘बीएमजे’त प्रसिद्ध झालेल्या ७० रुग्णांच्या चाचणीत प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण लवकर बरे होतात असे आढळले. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

लोकोपचार

ग्रामीण भागात मंत्राने विंचू ‘उतरविण्याची’ प्रथा आहे. इंगळी म्हणजे मोठा काळा विंचू चावल्यास वेदना तीव्र असली तरी विष तुलनेने सौम्य असते आणि ती काही तासांत आपोआप ओसरते. श्रेय मात्र मांत्रिकाला मिळते. लाल विंचवाच्या दंशात हेच तास उपचाराचे असतात. घाम, उलट्या किंवा थंड हातपाय दिसताच, विशेषतः लहान मुलाच्या बाबतीत, वेदना कमी होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.